मधेच आलेला प्रश्न

“अहो, कुकर बंद करू का? भावजींना फोन केलात का? आणि हा ओला टॉवेल गादीवर कोणी टाकला?”

काकांनी डोळे मिटले. प्रश्न क्रमाने मांडले, एकेकावर विचार केला आणि मग डोळे उघडून म्हणाले, “कर. नाही. मीच.”

तोवर बायकोने कुकर बंद केला होता, भावजींशी बोलून झालं होतं आणि टॉवेल दोरीवर वाळायला लागला होता.

काका बाटल्या धुण्याच्या कारखान्यात होते. तिथलं यंत्र ज्या पेटीच्या हुकुमावर चालतं तिला पीएलसी म्हणतात आणि ती सांभाळता सांभाळता काकांनाही तेच नाव पडलं होतं. एकदा ‘पीएलसी गेला’ असा निरोप घरी आला, तेव्हा मेहुणा रडतच दारात उभा राहिला. दार काकांनी उघडलं. आता आलोच आहे तर, म्हणून मेहुण्याने त्यांच्याच गळ्यात पडून उरलेलं रडून घेतलं.

नावाबरोबर पेटीची रीतही काकांच्या अंगात मुरली होती. पेटी आधी सगळी बटणं आणि सेन्सर एकदम वाचून घेते. मग तेवढंच चित्र डोक्यात धरून प्रोग्राम वरून खालपर्यंत तपासते. शेवटी मोटारी आणि झडपा चालू-बंद करते, की पुन्हा पहिल्यापासून. मधेच काही घडलं तर त्याचा विचार पुढच्या फेरीत. पेटीची फेरी पापणी लवायच्या आत संपते. काकांची मात्र चहा निवेपर्यंत चालायची.

लेकीचा फोन आला तेव्हा बायको अंघोळीला गेली होती. लेक दूरच्या शहरात नर्स होती.

“बाबा, गुडघा कसाय? गोळ्या घेता ना? आई अजून चिडलीय? माझी सायकल विकली नाहीत ना?”

काकांनी डोळे मिटले. लेक थांबली, तिला सवय होती.

“गुडघा बरा आहे. गोळ्या घेतो. आई...”

“बाबा, मी परत येऊ का?” लेक हळूच म्हणाली.

“...चिडलेली नाही, नुसती भांडी आपटते. सायकल आहे. चल, ठेवतो.”

आणि त्यांनी ठेवला.

पायात बूट घालताना तो प्रश्न त्यांना ऐकू आला. लेक नोकरीला गेल्यापासून ते ह्याच एका प्रश्नाकडे कान लावून बसले होते.

“ये! आजच्या आज ये!” काका बुटाला म्हणाले.

त्यांनी लगेच फोन लावला. पण लेक ड्यूटीवर गेली होती आणि ड्यूटीवर तिचा फोन कपाटात बंद असायचा.

कारखान्यात ऑपरेटर बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “काका, तुमची पेटी मोजताना बाटल्या गाळतेय. डोळ्यांदेखत बाटली गेली तरी म्हणते, आलीच नाही.”

“पट्टा जोरात पळवलाय तुम्ही. आणि ह्या नव्या बाटलीची मान बारीक. पेटी विचारात असताना बाटली सेन्सरसमोर आली आणि गेलीसुद्धा.”

“म्हणजे आमच्या सासूबाईंसारखंच. मी घरात येऊन गेले तरी त्यांना पत्ता नसतो.”

काकांनी एक सेटिंग बदललं. सेन्सरला क्षणभर जरी काही दिसलं, तरी पेटी वाचेपर्यंत ते धरून ठेवायचं. पुढची बाटली बरोबर मोजली गेली.

“इतकं सोपं होतं?” बाईने विचारलं.

काकांनी डोळे मिटले. ते उघडेपर्यंत बाई कामाला लागली होती.

संध्याकाळी काका लेकीच्या खोलीत स्टुलावर चढून नवा बल्ब बसवत होते. बायकोने खालून स्टूल धरलं होतं.

“येणार म्हणाली का तुम्हाला?”

“विचारलं तिने.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“बाबा, मी सही केली! नोकरी कायम झाली.” लेक भरभर बोलत होती. “सकाळी मी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही उत्तर दिल्याशिवाय कुणाचा प्रश्न सोडत नाही. म्हटलं, बाबांनी सोडला म्हणजे त्यांचं उत्तर ‘नाही’च आहे. खूप रडले हो. फार घाबरले होते मी इथे. पण सही केली आणि एकदम मोकळं वाटलं. आता पळून नाही यायचं. बाबा, मुद्दामच गप्प राहिलात ना?”

‘ये’ हा शब्द दिवसभर काकांच्या जिभेवर होता.

“मुद्दामच,” काका म्हणाले. डोळे मिटले नाहीत.

“वाटलंच मला,” लेक हसली. किती दिवसांनी हसली होती.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, “कधी येतेय?”

“सुट्टी मिळाली की.”

एक हात स्टुलावर तसाच ठेवून बायकोने दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण दाबलं.

“लागला,” ती म्हणाली.

काका स्टुलावर, बायको खाली. एकमेकांकडे बघायला नको म्हणून दोघंही दिव्याकडेच बघत राहिली.