पलीकडचं दार

कप्तान हे नाव त्यांना लेकीने लहानपणी दिलं आणि बघता बघता ते गल्लीभर झालं. खरं तर कप्तानांनी आयुष्यात जहाज सोडाच, साधी होडीही चालवली नव्हती. नोकरी सगळी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. पण घरासमोरच्या फिकट हिरव्या मोटारीत बसून ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि चार कांदेबटाटे आणायला निघालेला हा माणूस समोर असा काही बघायचा, की जणू परत कधी येईन ते सांगता येत नाही, असं घरच्यांना सांगूनच निघालाय. नाव चिकटलं ते त्यामुळे.

गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पंपघरात यंत्राचा आवाज ऐकून आजार ओळखायची सवय लागलेली, तोच कान त्यांनी इंजिनाला लावला होता. शेजारी पाठीमागे तिला डबा म्हणायचे, पण हा डबा थंडीतही एका किल्लीत सुरू व्हायचा हे त्यांनाही कबूल होतं. कप्तान म्हणायचे, गाडी म्हणजे इंजिन आणि ब्रेक, बाकी सगळा फर्निचरचा भाग. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले होते, की ते सुरू झालं की लेक ओठ हलवून पुरं करायची.

पुढच्या खोलीत भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर कप्तानांनी तांबड्या पेन्सिलीने रस्ते आखून ठेवले होते. एक समुद्रापर्यंत, एक घाट चढून पलीकडच्या सरोवराकडे, एक पार टोकाच्या दीपगृहापर्यंत. त्यातल्या एकाही रस्त्यावर गाडी गेली नव्हती. पाहुणे विचारायचे, मग कप्तान सुस्कारा सोडून म्हणायचे, "काय करणार? हिला गाडी लागते. नाहीतर आम्ही जग पाहिलं असतं." बायको तिथेच चहाचे कप उचलत असायची. ती कप उचलायची, जाता जाता नकाशावरून एक फडकं फिरवायची आणि आत जायची.

कप्तान दुष्ट नव्हते हो. पण माणसाला आपलं एखादं दुःख गोड लागायला लागतं ना, तसं झालं होतं. बायकोमुळे आपला प्रवास राहिला, हे त्यांनी मनाशी इतकं घोळवलं होतं की आता तेही त्यांच्या मालमत्तेत धरल्यासारखं होतं.

बायको दर वर्षी थोरल्या बहिणीकडे जायची ती बसने. यंदा ती थेट जाणारी बस बंद झाली, आणि दोन ठिकाणी गाड्या बदलायच्या तर आता तिचे गुडघे ऐकत नव्हते. त्यात थोरलीचं घर विकलं गेलं होतं, महिनाअखेरीस ती लांब मुलाकडे राहायला जाणार होती. त्या घरात दोघी बहिणींना शेवटचं एकत्र राहायचं होतं. लेक म्हणाली, "मी रजा काढते. आपल्या गाडीने जाऊ. मी चालवते."

शेवटचे दोन शब्द कप्तानांच्या घशाखाली उतरेनात. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि नुकताच त्यांनी कोपऱ्यावरच्या टपालपेटीला रस्त्यातून बाजूला हो म्हणून हॉर्न दिला होता. लेक शेजारी होती. त्यामुळे वाद घालायला तोंडच राहिलं नव्हतं. चालवायला नाही तर नाही, पण गाडी तयार मीच करणार, असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

मग काय विचारता! ऑइल बदललं, रेडिएटरच्या नळ्या बदलल्या, पट्टा बदलला. ब्रेकसाठी मेकॅनिकला डोळ्यांत तेल घालून बसवलं, म्हणजे तेल त्याच्या डोळ्यांत आणि सूचना कप्तानांच्या. डिकीत दोर, पाण्याचा कॅन, जादा बल्ब, दोन जॅक.

"बाबा, आपण मावशीकडे चाललोय," लेक म्हणाली, "चंद्रावर नाही."

"वाटेत बंद पडली म्हणजे कळेल," कप्तान खुशीत म्हणाले. बायकोला गाडी लागेल म्हणून त्यांनी आल्याच्या गोळ्याही आणून ठेवल्या.

जेवताना गाडीत कोण कुठे बसणार हा विषय निघाला. "मी मागे बसते," बायको म्हणाली. "तुम्ही बसा पुढे." इतक्या झटकन म्हणाली, की कप्तानांना वाटलं, बघा, आपला मान ठेवतेय.

निघायच्या दोन दिवस आधी लेकीने गाडी हाताखालून घालायची म्हणून फेरी काढली. दुपारची वेळ. कप्तान पलीकडच्या दाराने आत बसले. बसले म्हणजे कसेबसे मावले. गाडी घेतल्यापासून स्टिअरिंग त्यांनी कुणाच्या हाती दिलंच नव्हतं, त्यामुळे या सीटवर बसायची ही त्यांची पहिलीच खेप.

गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट मागे सरकवायला त्यांनी खालचा दांडा ओढला, तो जागचा हलेना. मग आठवलं. फार पूर्वी घडीची शिडी आणायची म्हणून त्यांनीच सीट पुढे ढकलली होती आणि ती तिथेच अडकली. बायको त्यांच्यापेक्षा बोटभर उंचच. ती गुडघे वाकडे करून, दाराकडे तिरकी बसायची. कप्तान म्हणायचे, बसायची ढबच नाही हिला.

सिग्नलला ऊन थेट अंगावर आलं. काच खाली करावी म्हणून हात गेला, तर हँडलच्या जागी नुसती लोखंडी खुंटी. कप्तानांच्या बाजूचं हँडल एकदा तुटलं होतं, तेव्हा त्यांनी हे काढून तिकडे बसवलं होतं. तात्पुरतं. चालवणाऱ्याला हात बाहेर काढायला लागतो, असं त्यांनी समजावूनही सांगितलं होतं. आणि पायाशी इंजिनाकडून गरम वाफ येत होती, पत्र्याच्या एका भोकातलं रबरी बूच कधीतरी पडून गेलं होतं त्यातून. बायको प्रवासात ओला नॅपकिन पायांवर टाकून बसायची. त्यावरून त्यांनी किती वेळा थट्टा केली होती!

बाजार येईपर्यंत कप्तानांना दरदरून घाम फुटला, घर येईपर्यंत मळमळायला लागलं.

घरासमोर गाडी थांबली आणि लेकीचा फोन वाजला. बोलत बोलत ती उतरली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली. कप्तानांनी दाराची कडी ओढली. ती सैल, नुसतीच मागेपुढे होणारी. हे दार फक्त बाहेरून उघडायचं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते स्वतः फेरा मारून येऊन बायकोला दार उघडून द्यायचे आणि शेजारणी आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, शिका जरा कप्तानांकडून. त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! फक्त प्रवासात गाडी थांबली की आधी ते बॉनेट उघडायचे, रेडिएटरवर हात ठेवायचे, कुणी ट्रकवाला भेटला तर इंजिनाच्या गोष्टी रंगायच्या. काचेवर आतून अंगठीची टकटक ऐकू यायची. आलो, आलो, असं म्हणत ते आणखी चार वाक्यं बोलून घ्यायचे.

आता त्यांनी काचेवर बोटांनी टकटक केली. लेकीची पाठ होती. मग त्यांनी जोरात वाजवलं.

बायको पायरीवर कपडे झटकत होती. तिने पाहिलं, ओला टॉवेल खांद्यावर टाकला, आली आणि दार उघडलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता हात पुढे केला आणि त्यांना उतरवून घेतलं.

पायरीवर बसून पाणी प्यायल्यावर कप्तान म्हणाले, "तुला गाडी लागत नव्हती."

बायकोने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"बसमध्ये कधी लागली नाही तुला. एवढी वर्षं एकटी जातेस."

"बसची खिडकी उघडते," ती म्हणाली.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की. पहिल्या वर्षी सांगितलं, नंतरही सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू, शेजारच्या सीटला काय लागतं, बसायचं तर असतं." तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "मग एकदा म्हटलं, मला गाडी लागते. त्यावर तुम्ही वाद घातला नाहीत. बरं पडलं ते."

"मला वाटलं, तुला हौसच नाही."

"मला समुद्र बघायचा होता," बायको म्हणाली. "नकाशा पुसताना रोज हात जायचा तिथे." आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून ती आत गेली.

कप्तान तिथेच बसून राहिले. त्यांना स्वतःचा राग आला, पण त्यापेक्षा त्या नकाशाकडे बघायची लाज वाटली. तो सुस्कारा किती पाहुण्यांसमोर सोडला होता! एकालाही खरं ठाऊक नव्हतं आणि जिला ठाऊक होतं तिने आपल्याला कधी तोंडघशी पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गाडीखाली शिरले. सीटच्या रुळाची एक पट्टी वाकली होती, बाकी सगळा गंज. ती पक्कडीने सरळ केली, तेल सोडलं, आणि सीट सुतासारखी मागे गेली. दाराच्या कडीची आतली सळई खाचेतून निसटली होती, एवढंच. कप्तानांना वाटलं होतं, दिवस जाईल. पण त्यांनी बाजूला ठेवलेला चहा अजून प्यायच्या लायकीचा होता. काम अवघड निघालं असतं तर त्यांना जरा आधार वाटला असता.

हँडल आणि रबरी बूच मेकॅनिककडे मिळालं. त्याच्या खणात तसली जुनी हँडलं पडूनच होती. "इतकी वर्षं गाडी आणता माझ्याकडे," तो म्हणाला, "बोलला का नाहीत?" कप्तानांनी हँडल खिशात घातलं आणि उगाच हवेच्या दाबाचं विचारलं.

निघायच्या सकाळी त्यांनी बायकोला पुढे बसायला लावलं. ती नको नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. काच खाली-वर करून दाखवली, सीट मागे सरकवून दाखवली, दार आतून उघडून दाखवलं. नवी वस्तू विकायला आलेल्या माणसासारखं त्यांचं चाललं होतं. "छान झालंय," बायको म्हणाली. स्वतः ते मागे बसले, पायांत पाण्याचा कॅन घेऊन.

शहर सुटलं. बायकोने काच पूर्ण खाली केली. वाऱ्याने तिचे पांढरे केस विस्कटले, ते तिने एकदा सारखे केले आणि मग सोडून दिले. मधेच लेकीला कुठलं तरी झाड दाखवलं, मधेच बहिणीच्या लहानपणीची खोडी सांगितली, आणि दोघी पोट धरून हसल्या. प्रवासात आपली बायको इतकं बोलते हे कप्तानांना माहीत नव्हतं. मागून त्यांना तिचा फक्त एक गाल दिसत होता आणि मोतीबिंदूमुळे तोही धूसर. हे सगळं त्यांना शेजारी बसून, चांगल्या डोळ्यांनी बघता आलं असतं. समुद्राकाठी बघता आलं असतं. दीपगृहाच्या चढावर बघता आलं असतं. एक हँडल आणि थोडं तेल, एवढ्यासाठी राहिलं. त्यांनी पायांतला पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरला. रडायला लागलो तर लेक गाडी थांबवेल, अशी भीती वाटली.

पेट्रोलपंपाच्या पलीकडे एका सावलीत लेकीने गाडी उभी केली आणि पाण्याच्या बाटल्या आणायला दुकानात गेली. कप्तान उतरले. पाय मोकळे केले. पुढे जाऊन बॉनेट उघडलं, रेडिएटरवर फडकं धरून हात ठेवला, नव्या नळ्या दाबून पाहिल्या. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर आला. "मॉडेल जुनं दिसतंय, पण येताना आवाज काय गोड होता हो!" तो म्हणाला. कप्तान खुलले. पट्ट्याचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं, ऑइल कुठलं घालतात तेही सांगितलं.

मग त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि काचेतून समोर बायको दिसली.

ती सीटवर तिरकी बसली होती, गुडघे वाकडे करून, दाराकडे वळलेली. पुढे ऐसपैस जागा होती. दोन्ही हात मांडीवर होते. कडी हाताच्या अंतरावर होती आणि दार आता आतून उघडत होतं. ती टकटकही करत नव्हती. समोर बघत ती शांतपणे वाट बघत होती, कुणीतरी फेरा मारून येईल म्हणून.

कप्तानांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ट्रकवाला काहीतरी विचारत होता, ते त्यांनी ऐकलं नाही. ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांनी दार उघडलं.

"झालं तुमचं?" बायकोने विचारलं, आणि उतरण्यासाठी त्यांचा हात धरला.