आलेली पत्रं, गेलेली पत्रं

दप्तरबाईंनी खोक्याची सुतळी कापली नाही. नखाने गाठ सैल करत बसल्या. कात्री हाताशीच होती, पण आलेली गाठ सोडवायची, कापायची नाही, ही दप्तरखान्यातली जुनी खोड. आणि आज तर गाठीने जितका वेळ खावा तितका त्यांना हवाच होता. समोर धाकटे बसले होते, आणि त्यांना जे सांगायचं ते सांगायला बाईंची जीभ रेटत नव्हती.

धाकटे म्हणजे कुणी पोरसवदा माणूस नव्हे. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, कानात यंत्र. पण केस कापायच्या दुकानांसाठी खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्याचे मालक दोन भाऊ, एक थोरले आणि एक धाकटे. एकदा नाव चिकटलं की ते माणसाबरोबरच जातं. थोरले गेले तरी हे धाकटेच राहिले.

"कापून टाका हो सरळ," शेजारी बसलेली त्यांची सून म्हणाली. "माळ्यावरून उतरवताना माझी कंबर धरली. परत काही न्यायची नाहीत ती खोकी."

"सुटतेय," बाई म्हणाल्या.

सुनेचा राग त्यांना समजत होता. घरोघरी हेच. माणूस जातं किंवा जायला टेकतं, माळा रिकामा करायची वेळ येते, रद्दीवाल्याला द्यायला मन धजत नाही, मग कुणीतरी सुचवतं की दप्तरखान्यात द्या, तिथे सांभाळतात. की आले टेम्पो भरून. आमचे आजोबा असे होते, आमच्या पतपेढीने गावाला असं उभं केलं, आमच्या कारखान्याचा माल कुठे कुठे जायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध. बाईंनी आयुष्यभर हे दूध मोजून घेतलं होतं. आता तळघरातली फडताळं भरली, वरच्या मजल्यावरची भरली, जिन्याखालीसुद्धा कुठल्यातरी बरखास्त झालेल्या बँड-पथकाची इतिवृत्तं बसली होती. गुडघे बोलत होते. निवृत्तीला फार दिवस नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणाच्याही आजोबांचा कंटाळा आला होता.

गाठ सुटली. झाकण उघडलं तसा जुन्या कागदाचा वास आला. आत गुलाबी, पातळ कागद, त्यावर निळी कार्बनची अक्षरं. कारखान्यातून गेलेल्या पत्रांच्या नकला. प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आणि त्यांच्याभोवती गंजाचा तांबूस डाग.

ही भोकं बाईंच्या ओळखीची होती. काही वर्षांपूर्वी थोरल्यांनी स्वतः येऊन त्यांच्या घरातली खोकी दिली होती, त्यातही हीच भोकं, हाच डाग. त्या खोक्यांत होती कारखान्याला आलेली पत्रं. फक्त आलेली. उत्तर एकाचंही नाही. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, तर थोरले म्हणाले होते, "उत्तरं त्याच्याकडे गेली. वाटणीत."

झालं होतं ते असं. खुर्चीचे हात लाकडी ठेवायचे की लोखंडी, यावरून म्हणे भाऊ भांडले. खरं कारण दुसरं असेल, नसेलही. भांडण विकोपाला गेलं, वाटण्या झाल्या. यंत्रं वाटली, हत्यारं वाटली, आणि शेवटी कचेरीतल्या फायलींवर गाडी अडली. आलेलं प्रत्येक पत्र आणि त्याला गेलेल्या उत्तराची नकल एकत्र टाचून ठेवायची, अशी तिथली रीत. फाईल अख्खी एकाला द्यायला दुसरा तयार नाही. मग दोघे सख्खे भाऊ एका मेजाच्या दोन बाजूंना बसले आणि एकेक टाचणी काढत गेले. आलेलं तुझं, गेलेलं माझं. ढीग संपेपर्यंत बसले आणि एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही म्हणतात. या दोघांनी ते करून दाखवलं होतं.

"बाई," धाकटे म्हणाले, "मी का आलो ते सांगतो. त्या मुलाने लिहिलेलं वाचलंत ना तुम्ही?"

वाचलं होतं. कारखान्यांच्या इतिहासावर काम करणारा एक तरुण थोरल्यांची खोकी बघून गेला होता आणि त्याने लेख छापला होता. त्यात एक वाक्य होतं, की ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देण्याची पद्धत या कारखान्यात नव्हती.

"उत्तर देण्याची पद्धत नव्हती!" धाकट्यांचा आवाज चढला, आणि मग लगेच उतरला. दम पुरला नाही. "अहो, रोज रात्री जेवायच्या आधी मी उत्तरं लिहीत होतो. एक पत्र शिळं होऊ दिलं नाही. आणि आता जगाला काय वाटणार? दादा नुसता खुर्च्या विकून गल्ला बंद करून बसायचा? तो तसा नव्हता. माझ्याशी वाईट वागला असेल. गिऱ्हाइकाशी कधी नाही."

"बाबा, हळू," सून म्हणाली.

"एक पत्र मला पाठ आहे," बाई म्हणाल्या. त्यांना विषय जरा लांबवायचा होता, आणि खरंच कुतूहलही होतं. "एका केस कापणाऱ्याचं. आपली खुर्ची वर गेली असून खाली येत नाही, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने वरच बसून आहे, तरी त्वरित कळवावे काय करावे. ते वाचून मी इतकी हसले होते. पण उत्तर काय गेलं ते कधी कळलं नाही."

धाकट्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. कागद न चाळताच ते म्हणाले, "गिऱ्हाइकास प्रथम उतरवून घ्यावे. मग डावीकडची खीळ अर्धा फेरा सैल करावी. आमचा माणूस उद्या येत आहे, दाढीचे पैसे आमच्याकडून."

सूनसुद्धा हसली. मग बाईंच्या लक्षात आलं की आता टाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"लावून द्या. जसं होतं तसं. पत्राला उत्तर. म्हणजे पुढचा जो कुणी उघडेल त्याला दिसेल. आणि मला एकदा चाळू द्या. तेवढंच."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दादांनी खोकी देताना एक अट घातलीय. लेखी. सगळ्यांना दाखवा, म्हणाले, येईल त्याला दाखवा. फक्त..." त्या थांबल्या. "फक्त तुम्हाला दाखवायची नाहीत. तुम्ही आहात तोवर."

सुनेने आ वासला. कानातलं यंत्र धाकट्यांनी बोटाने जरा आत दाबलं, जणू ऐकण्यातच काही राहिलं असावं.

"अशी अट घेता तुम्ही?" सून म्हणाली. "लिहून? सख्ख्या भावाविरुद्ध?"

"देणाऱ्याची अट पाळावी लागते. नाही पाळली तर उद्या कुणी आम्हाला चिठोरंसुद्धा देणार नाही. मी त्यांना म्हटलं होतं, अशी अट कुणी घालत नाही. ते म्हणाले, मग मी पहिला."

"हं," धाकटे म्हणाले. "तो पहिलाच असायचा."

त्यांचा हात खोक्याच्या काठावर होता. बाईंना वाटलं, आता उठतील, खोकी उचलायला सांगतील, आणि ही सून बिचारी पुन्हा माळ्यावर चढेल. तसं झालं असतं तर त्यांनी आग्रह केला नसता. आग्रह करायचं वय गेलं होतं.

"माझी वेगळी घेता येतील?" धाकट्यांनी विचारलं.

"येतील. तुमच्या नावाने वेगळा संग्रह. वेगळं फडताळ. तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन बघा."

"आणि त्या मुलासारखा कुणी आला, तर त्याला कळेल, की उत्तरं शेजारच्या फडताळात आहेत?"

"यादीत टीप घालू आम्ही."

"टीप कोण वाचतं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी त्यांच्यात तेवढीही ताकद नव्हती. "फारसं कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी," धाकटे पुटपुटले. "दुसरा काही रस्ता?"

होता. बाईंनी तो मनात केव्हाच बघून ठेवला होता आणि सांगायचा नाही असं ठरवलं होतं. पण विचारल्यावर सांगणं हे त्यांचं काम होतं.

"दादांच्या संग्रहात भर म्हणून द्यायची. मग तो एकच संग्रह होतो, आणि कचेरीत जसं होतं तसं लावता येतं, पत्रामागे उत्तर. त्याला माझी किंवा कुणाची हरकत येणार नाही. पण काका, मग दादांची अट त्या सगळ्याला लागू होते. एका संग्रहाला दोन कायदे नसतात."

"म्हणजे?" सुनेने विचारलं.

"म्हणजे हे कागदसुद्धा यांना बघता येणार नाहीत. पुन्हा कधी."

"यांचेच?" सून उभीच राहिली. "यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले? बाबा, चला. काही गरज नाही. मी ठेवीन माळ्यावर, माझी तक्रार नाही. आयुष्यभर त्या माणसाने तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, आता मेल्यावरही तेच? आणि वर तुम्ही त्याची अब्रू झाकायची?"

"बस गं," धाकटे म्हणाले.

"नाही बसणार."

"मग उभी राहा. पण चल म्हणू नकोस."

बाई मध्ये पडल्या. "घाई काय आहे? वेगळी ठेवू. ही अट तुमच्या... म्हणजे, पुढे कधीतरी ती आपोआप सुटेल. मग एकत्र लावता येतील. मी तसं लिहून ठेवते."

"मी मेल्यावर," धाकटे शांतपणे म्हणाले. "तोवर तुम्ही असाल इथे?"

"नाही."

"तुमच्यानंतर येईल तो बसेल टाचणीची भोकं जुळवत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्यानंतर कुणी येईल की नाही हेच ठरलेलं नव्हतं.

"आणि तोवर दादा तसाच राहणार. कुणाला उत्तर न देणारा." धाकट्यांनी एक गुलाबी नकल उचलली, डोळ्यांजवळ नेली, वाचली की नाही कोण जाणे, आणि होती तिथे ठेवली. "मला हे पाठ आहे हो बाई. मला बघून काय करायचंय. आणा तो कागद."

बाईंनी कागद आणला. भर म्हणून देत असल्याचा, आणि मूळ अट मान्य असल्याचा. त्यांनी तो वाचून दाखवला, सावकाश, एकेक ओळ. सून खिडकीकडे तोंड करून उभी होती. धाकट्यांनी सही केली. एकेक अक्षर करत ती बरीच लांबली. बाईंनी शाई टिपून घेतली आणि तारीख घातली.

"लगेच लावाल?" धाकट्यांनी विचारलं.

नियमाने लगेच लावायचे नसतात. आधी धूळ काढायची, नोंद करायची, आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवायचे. बाईंचा दिवस संपत आला होता आणि पाय सुजले होते.

"एक खोकं लावते," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि थोरल्यांचं पहिलं खोकं घेऊन आल्या. धाकट्यांना बाहेर बसा म्हणून सांगायला हवं होतं. ते कसं सांगावं या विचारात त्या दाराशीच थांबल्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हातारा काठी टेकून उठला, त्याने आपली खुर्ची स्वतःच उचलून फिरवली, आणि मेजाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला.

"आता हरकत नाही ना?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

सून काही क्षण त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि मेजाजवळ आली. "मला चालेल ना बघितलेलं?"

"तुम्हाला चालेल."

बाई पांढरं पत्र वर काढत, सून तारखेवरून गुलाबी नकल शोधून पुढे करी. कोपऱ्याला कोपरा लावला की भोकांवर भोकं बसत, गंजावर गंज. टाचणी आता लावायची नव्हती. दुमडलेल्या कोऱ्या कागदात जोडी सरकवायची आणि बाजूला ठेवायची. एक जोडी, दुसरी, तिसरी.

"लागतंय?" भिंतीकडून आवाज आला.

"लागतंय, बाबा," सून म्हणाली.

जुना कागद आवाज न करता हाताळायचा असतो. बाईंच्या हाताला ते इतकं मुरलं होतं की त्यांच्या मेजावर काम चाललंय हे शेजारच्यालाही कळत नसे. त्यांनी पुढची नकल उचलली, आणि ती पत्रामागे ठेवताना जरा वाजू दिली.

समोरची मान किंचित तिरकी झाली. यंत्राचा कान मेजाकडे आला. बाईंनी पुढचीही वाजू दिली, आणि त्याच्या पुढची.