मेणातली धवलारीण

कमलाकरांच्या घरात माणसं दोन आणि भोंगे सतरा. खांदा कॉलनीतला दोन खोल्यांचा फ्लॅट तो, त्यात भोंगे ठेवणार तरी कुठे? दिवाणाखाली, फ्रिजवर, देवघराशेजारी. एक तर न्हाणीघरात बादलीच्या वर खिळ्याला टांगलेला. विमा कंपनीतून निवृत्त झालेली शहाणी माणसं सकाळी फिरायला जातात, बीपी मोजून घेतात. हे गृहस्थ जुन्या बाजारातून मोडके ग्रामोफोन उचलून आणायचे आणि दुरुस्त करत बसायचे. बरं, हात खरंच चांगला. पण एकदा मशीन उघडलं की बाहेरचं जग मेलं. त्यांच्या बायकोनं, सुनंदानं, चार हाका माराव्यात, तेव्हा कुठे पाचवीला "हं" यायचं.

अशा माणसाच्या दारात ओवे गावच्या परेशशेठनं एक लाकडी पेटी आणून ठेवली. परेशशेठ म्हणजे बिल्डर; गळ्यात करंगळीएवढी जाड चेन आणि कानाला सदा फोन. मागोमाग त्याची आई चंद्रावती, वय वर्षं चौऱ्याऐंशी, तीन मजले चढून धापा टाकत आली. पेटीत फोनोग्राफ होता. तबकडीवाला ग्रामोफोन नव्हे हं. त्याच्याही आधीचा, मेणाच्या नळीवर वाजणारा, आणि कधीचा बंद पडलेला.

"साहेब, हिच्यात माजी आजी हाय," परेशशेठ म्हणाला.

आजी म्हणजे भीमाबाई, पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी ही बाई. तिनं गायलं नाही तर हळद लागली असं कोणी म्हणत नाही. मिठागरावरच्या एका हौशी साहेबानं तिला भोंग्यासमोर बसवून तिचा धवला नळीवर घेतला होता, आणि बदली झाली तेव्हा पेटी तिलाच देऊन गेला. त्याच साली चंद्रावती जन्मली. तिसऱ्या महिन्यात भीमाबाई तापानं गेली.

"मी माज्या आयचा आवाज आयकला नाय," चंद्रावती म्हणाली. "नातवाची हळद हाय, प्रितमची. तवा आयकवशील ना, बाबा? मी काय आता लय दिस थांबायची नाय."

"ऐकवीन," कमलाकर म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. आपण जन्मात फोनोग्राफ उघडलेला नाही, हे मात्र नाही म्हणाले.

परेशशेठनं पत्रिकेतच छापून टाकलं, 'धवलारीण : कै. भीमाबाई (प्रत्यक्ष)'. नाक्यावर फ्लेक्सही लागला.

दहा दिवस खपून कमलाकरांनी मशीन फिरतं केलं. पेटीच्या खणात भोंग्याच्या बुडाशी लावायच्या, सुई बसवलेल्या दोन डब्या होत्या. ग्रामोफोनला अशी एकच असते, मग इथे दोन कशाला? असेल एखादी जास्तीची, असं म्हणून त्यांनी चकचकीत दिसली ती बसवली, नळी चढवली आणि चावी दिली. आवाज काही आला नाही. पण नळीवरून मेणाची बारीक भुकटी निघायला लागली.

"वा वा! बुरशी निघतेय!" कमलाकर खूश. ऐंशी वर्षांची बुरशी ती, निघू दे की. भुकटी साठली की ते फुंकर मारत आणि पुन्हा डोळे लावून बसत.

नेमकी तेव्हाच सुनंदा जेवायला बोलावत होती. चार हाका झाल्या. पाचवीलाही "हं" नाही म्हटल्यावर ती तणतणत आली आणि सरळ भोंग्यात तोंड घालून ओरडली. तेव्हा कुठे स्वारी उठली.

जेवून आल्यावर त्यांनी दुसरी डबी लावून पाहिली. भोंगा खरखरला आणि बोलू लागला: "कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या! किती वेळ हाक मारतेय, ऐकू येतंय का? उठा आता, जेवून घ्या. गार होतंय सगळं!"

कमलाकरांनी दोन्ही डब्या उजेडात धरून पाहिल्या. एक डबी नळीवरचा आवाज वाचणारी होती आणि एक नवा लिहिणारी. बुरशी म्हणून जी फुंकून टाकली, ती भीमाबाई होती.

"अगं, इथली भुकटी कुठाय?"

"केर काढला मी."

"केर कुठाय?"

"घंटागाडीत."

सुनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "जा आणि खरं काय ते सांगा त्या म्हातारीला," ती म्हणाली. कमलाकरांनी धीर करून परेशशेठला फोन लावला. आवाजात जरा घोटाळा झालाय, म्हणाले.

"साहेब, वय झालंय तिचं. थोडा घोगरा असला तरी चालंल!" असं म्हणून परेशशेठनं फोन ठेवला, त्याला डीजेवाल्याचा दुसरा फोन येत होता.

धवलारणीला मानानं न्यायचं असतं. हळदीच्या दिवशी दुपारी गाडी आली. नारळ, विडा, हिरवी साडी, सगळं साग्रसंगीत. फोनोग्राफला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. कमलाकर आणि सुनंदा मागे, पाहुण्यांच्या आहेरांमध्ये चेपून. मांडवात पाट मांडलेला. भोंग्याला साडी नेसवली. चोळीचा खण कुठे ठेवायचा यावरून बायकांची जुंपली, आणि शेवटी तो चावीला बांधला. आल्या-गेल्यानं पेटीच्या चारही पायांना हात लावून नमस्कार केला.

"परेशशेठ, मला काहीतरी सांगायचंय हो..." कमलाकर त्याच्या मागे मागे फिरत होते.

"भाषन नंतर, साहेब!" परेशशेठनं स्वतः चावी दिली. डीजे थांबला. चंद्रावती भोंग्यासमोर मांडी घालून बसली, डोळे मिटून, हात जोडून.

भोंगा खरखरला. "कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या!..." सगळं जसंच्या तसं, "गार होतंय सगळं"पर्यंत.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "त्या टायमाला कुकर कुटं व्हता?"

परेशशेठ क्षणभर गोंधळला. पण बिल्डर माणूस, तो काय असा अडतोय! "आजीला पुडचं दिसायचं!" तो गरजला.

"दिसायचं, दिसायचं," चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या तिघी भीमाबाई गेल्यानंतर जन्मलेल्या.

"धवलारीण बोलली जेवून घ्या, म्हंजे आदी जेवन, मंग हळद. तिचा शबुद मोडायचा नाय!" परेशशेठनं फर्मान काढलं.

झालं. चारशे माणसं उठली आणि वडे-मटणावर तुटून पडली. नवरदेव प्रितमही मुंडावळ्या कानामागे सारून पंगतीला बसला. पाटासमोर उरली तिघंच.

"आजी, माझ्या हातून गेली तुमची आई," कमलाकर म्हणाले, आणि चौसष्टाव्या वर्षी भर मांडवात हुंदके देऊन रडायला लागले. डब्यांचं, भुकटीचं, घंटागाडीचं, सगळं सांगून टाकलं.

"कलला मला तवाच," चंद्रावती म्हणाली. "मी अडानी हाय, येडी नाय. माज्या आयनं चुलीबिगर काय बघितला नाय." तिनं पदरानं डोळे टिपले. "तुज्या भरवशावर सोडली व्हती रं तिला. वाईट वाटला. लय वाईट वाटला."

कमलाकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीनं सुनंदाकडे बोट केलं.

"ह्यो आवाज हिचा ना?"

सुनंदानं मान हलवली.

"सगल्यांना हाका मारून मारून जेवाया बसवायचा, नि आपून शेवटाला. जल्मभर गारच जेवली मी. मला अशी हाक कोनी मारली नाय बाय. आज आली, तर म्हटला, आयनंच मारली."

सुनंदा तिच्या शेजारी टेकली. "मलाही कोणी मारली नाही हो," ती म्हणाली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली, आणि कमलाकरांनी ते पहिल्याच वेळी ऐकलं.

ते उठले. पंगतीतून दोन ताटं वाढून आणली, गरम वडे, वाफाळता रस्सा. हात भाजत होते.

"चला, जेवून घ्या. गार होतंय."

दोघी साडी नेसलेल्या भोंग्याकडे बघत गप्पा मारत होत्या. कमलाकरांनी दुसरी हाक मारली. तिसरी मारली. चौथीला चंद्रावतीनं सुनंदाचा हात दाबला आणि उठायचं नाही असं डोळ्यांनीच खुणावलं.

पाचवीला सुनंदा म्हणाली, "हं."