ओबद्याचं नाव

“ओबद्या,” हनोख म्हणाला. “पोराचं नाव ओबद्या ठेवायचं.”

सारा जन्म गिरणीत मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे. ते नाव घरभर ऐकू गेलं.

दीनाबाई मोरीत पाय पसरून, पायांवर नातवाला पालथं घेऊन न्हाऊ घालत होती. तिचा हात थांबला. मग तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं बाळाच्या पाठीवर सोडलं, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याला गुंडाळलं, सुनेच्या हातात दिलं आणि ती परसात निघून गेली.

हनोखच्या घरात थोरल्या मुलाला बायबलातल्या जुन्या संदेष्ट्यांपैकी कुणाचं तरी नाव ठेवायची रीत होती. त्याच्या बापाचं नाव यिर्मया. चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात ख्रिस्ती मंडळीतसुद्धा अशी नावं कुणी ठेवत नव्हतं. पाळकसाहेबांच्या नातवाचं नाव प्रदीप होतं. सून प्रमिला म्हणाली की शाळेत पोरं चिडवतील. पण मुलगा मनोहर बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याच्या आधी या घरात एक ओबद्या होऊन गेला होता, पाच वर्षांचा होऊन घटसर्पानं गेला होता, एवढं त्याला ठाऊक होतं. तेही बापाकडून. आईच्या तोंडून ते नाव त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

दीनाबाई दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आया होती. हजारो पोरं तिच्या हातांवरून गेली असतील. बाळांच्या आया-आज्या पाळण्याशी बसून नावांचा खल करत तेव्हा तीही हसून एखादं सुचवी. पण स्वतःच्या थोरल्याचं नाव तिनं महायुद्ध संपलं त्या सालीच तोंडातून काढून टाकलं होतं. हनोख मात्र त्या पोराबद्दल कुणापाशीही बोले. बारशाला, लग्नाला, गिरणीच्या दारात. ऐकणाऱ्यांत दीनाबाई असली की उठून आत जाई. पहिल्या वर्षी त्याला राग आला होता. पुढे त्यानं मनाशी ठरवून टाकलं की बाईचं काळीज घट्ट आहे, पोराला विसरून गेली.

दुपारी तो परसात आला तेव्हा ती बाळाची दुपटी वाळत घालत होती.

“तुला नाव पसंत न्हाय,” तो म्हणाला.

“न्हाय.”

“आपल्याच लेकराचं नाव हाय की ते.”

“म्हणूनच.”

तो वाट बघत उभा राहिला. तिनं एक दुपटं झटकलं, पुन्हा झटकलं.

“तुमी गिरणीत जायचा,” ती म्हणाली. “दारात हुबी राहून त्याला हाका मी मारायची. जेवायला ये, पाय धू, सांज झाली, घरला ये. त्यो गेल्यावर बी हाक तोंडातनं निघायची. सैपाक झाला की दारात जायची अन् वरडायची. शेजारच्या गौरम्माची पोरं खेळता खेळता गप व्हायची. माझ्याकडं बगायची. मग मी ते नावच बंद केलं. आता या पोराला दिवसातनं पन्नास बारी कशी हाक मारू? मारली, अन् हे दुसरंच कुणी आलं, तर मी काय करू?”

हनोख धुण्याच्या दगडावर टेकला.

“मला वाटलं तू इसरलीस,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता.

“मी कशाला इसरू?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना त्यानं मनोहरला सांगितलं की नाव तुम्ही दोघांनी ठरवा, म्हाताऱ्यांची नावं म्हाताऱ्यांबरोबर जाऊ द्या. प्रमिलानं सुहास ठरवलं. ती मनापासून खूश झाली. सासऱ्यांनी आपलं ऐकलं असंच तिला वाटलं, आणि दीनाबाईनंही तिला तसंच वाटू दिलं.

रविवारी बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी बाळाचं नाव विचारलं, मनोहरनं ते सांगितलं, कपाळाला पाणी लागताच बाळानं टाहो फोडला आणि सगळी मंडळी हसली. गाणं सुरू झालं. हनोखचा आवाज एरवी सगळ्यांच्या वर चढायचा. आज दीनाबाईला तो ऐकू आला नाही. वळून पाहिलं तर गाण्याचं पुस्तक उघडं धरून तो नुसता उभा होता.

घरी जेवणावळ बसली. लोक येत होते, बाळाच्या हातात रुपया ठेवत होते. हनोखनं दोन घास खाल्ले, हात धुतला, दारामागचा विळा घेतला आणि ऐन उन्हात तो बाहेर पडला. पाहुण्यांना वाटलं शेळीसाठी पाला आणायला निघाला असेल. दीनाबाईनं हातातली वाढपाची पळी विहीणबाईंकडे दिली, पदर डोक्यावर घेतला आणि ती त्याच्या मागे निघाली.

तो कबरस्तानात शिरला. ती फाटकाशी पोचेपर्यंत तो आत दिसेनासा झाला होता. राखणदार ईरप्पा लिंबाखाली बसला होता. तिनं काही विचारायच्या आधीच त्यानं हात केला. “तितं हायत मालक. न्हेमीच्या जागेला.”

न्हेमीच्या. ती क्षणभर फाटक धरून उभी राहिली.

भिंतीकडेच्या कोपऱ्यात हनोख उकिडवा बसून काटेरी झुडपं कापत होता. चाहूल लागली तसं त्यानं वर पाहिलं, पण तो उठला नाही. तिथं लहान लहान तीन-चार उंचवटे होते, पावसापाण्यानं जवळजवळ सपाट झालेले. दगड एकावरही नव्हता.

“कुटला?” तिनं विचारलं.

त्यानं विळ्यानं दाखवला.

ती पोराला पोचवायला आली नव्हती. त्या वेळी बायका घरीच थांबत, आणि नंतर तिनं पाऊल टाकलं नव्हतं. चपला काढून ती तापल्या मातीत बसली.  हनोखनं कापलेले काटे एका बाजूला सारले.

“ओबद्या,” ती म्हणाली. आवाज फाटला, तशी ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, “ओबद्या, तुला पुतण्या झालाय. सुहास नाव ठिवलंय त्याचं. तुझं तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.”

हनोखनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते, पण गिरणीतल्या त्या माणसाच्या तोंडून एवढासाही आवाज निघाला नाही.

ऊन उतरायला वेळ होता. दीनाबाई जरा सरकून बसली, म्हणजे तिची सावली त्या उंचवट्यावर पडेल.