मागचा नंतर बघू

मित्रांनो, मी एक जुना स्पार्क प्लग आहे. सध्या एका गॅरेजच्या खिडकीत, गंजक्या नटांच्या डब्याशेजारी पडून असतो. उंचीने तुमच्या मधल्या बोटाएवढा. इंजिनात पेट्रोलला ठिणगी देणे हे माझे काम. मिनिटाला हजार-हजार ठिणग्या दिल्या आणि कधी कुरकुर केली नाही. आज मात्र करणार आहे, कारण मी अडलो तेव्हा दोष भलत्याच्याच माथी मारला गेला.

कारखान्यात माझी पांढरी मान भट्टीत भाजली, पोलादी अंगावर आटे पाडले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मला या गॅरेजात धाडले. तेव्हा गॅरेज वस्तादांचे होते. हाताला यश असलेला माणूस, नाव ठेवायला जागा नाही. फक्त दोन सवयी होत्या. प्लग बसवण्याआधी त्याच्या कडेवर ते कानशीने दोन चरे ओढत. ही त्यांची सही. आणि प्लग हवा तेवढा घट्ट झाला तरी थांबत नसत. पान्याला शेवटचा एक हिसका देत आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणत, "हा माझ्याकडून." गिऱ्हाईक खूश व्हायचे. आमच्या आट्यांचे काय व्हायचे, ते आम्हाला कोणी विचारले नाही.

मला बसवले नर्सबाईंच्या छोट्या व्हॅनमध्ये. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणाऱ्या या बाई. इंजिनात आम्ही तिघे भाऊ होतो. पुढचे दोघे हाताशी, मी मात्र मागे, हवेच्या जाड नळीखाली. गाडी तपासणीला आली की भावांना बाहेर काढून ब्रशने घासत, पुसत, वेळेवर बदलतही. माझी पाळी आली की वस्ताद कंबर धरून म्हणत, "मागचा नंतर बघू." पुढे त्यांचे हात कापू लागले आणि गॅरेज त्यांच्या लेकीने हाती घेतले. पोरगी गुणाची आहे, पण खरे ते खरे. दोनदा तीही हेच म्हणाली. नळी काढायचा कंटाळा, दुसरे काय!

मग काय व्हायचे? काजळीने माझा जीव घुसमटला, ठिणगी चुकू लागली, गाडी आचके देऊ लागली. एका सकाळी नर्सबाई तशीच धक्के खात गाडी घेऊन आल्या. दुपारी त्यांना चार घरी जायचे होते. लेकीने नळी काढली, पाना लावला, जोर केला. मी हललो नाही. मित्रांनो, मला काय हौस होती? अंगभर गंज, त्यात तो जुना हिसका! हलणार कसा?

वस्ताद खुर्चीवरून उठले, वाकून पाहिले आणि निकाल देऊन मोकळे झाले. कोण्या अडाण्याने हा आवळलाय, हल्ली कोणीही पाना धरतो, असे ते नर्सबाईंना बराच वेळ ऐकवत राहिले. आणि माझ्या अंगावर, काजळीखाली, त्यांचेच दोन चरे! तोंड असते तर मी तिथेच सुनावले असते.

एवढ्यावर थांबले नाहीत. कोपऱ्यातला लांब पाइप आणून लेकीला म्हणाले, पान्याला हा जोड आणि दे एक हिसका. पाइप जोडला की जोर चौपट होतो. मी तुटलो असतो, अर्धा आत अडकलो असतो, इंजिन उघडावे लागले असते आणि व्हॅन पंधरा दिवस उभी राहिली असती. लेकीने कामाच्या बाबतीत वडिलांना आजवर कधी नाही म्हटले नव्हते. तिने पाइप घेतला. मी मनातल्या मनात देवाचे नाव घेतले.

"ताई, दोन वाजता एका आजोबांची पट्टी बदलायचीय," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "माझ्याशिवाय त्यांच्याकडे कोणी येत नाही."

लेकीने पाइप खाली ठेवला. "नको बाबा. हिसका दिला तर तुटेल. मी माझ्या पद्धतीनं काढते."

वस्ताद पाठ फिरवून बसले. तिने माझ्याभोवतीची धूळ फुंकून काढली. इंजिन अजून कोमट होते, ते तिच्या पथ्यावर पडले. बुडाशी तेलाचे थेंब सोडले आणि सगळ्यांत अवघड काम केले, म्हणजे हात बांधून बसली. हे गॅरेज आहे की धर्मशाळा, असे पाठमोरे वस्ताद दोनदा तरी पुटपुटले. अर्ध्या तासाने तिने मला केसभर डावीकडे फिरवले, पुन्हा उजवीकडे, पुन्हा तेल. असे कितीदा केले कोण जाणे. मी किंचाळत होतो, पण दीड वाजता अखंड बाहेर आलो.

तिने मला फडक्याने पुसले आणि उजेडात धरले. चरे दिसले. तिने गुपचूप मूठ मिटली, पण वस्तादांनी हात पुढे केलाच होता. त्यांची नजर अधू झाली आहे, अंगठा मात्र नाही. तो माझ्या कडेवरून फिरला आणि थांबला. मला वाटले, आता कारखान्याला शिव्या देतील.

"मीच आवळला होता," ते नर्सबाईंना म्हणाले. "तो अडाणी मीच."

मग लेकीने नवा प्लग त्यांच्या हातात दिला. त्यांनी कापऱ्या बोटांनी तो आट्यांवर बसवला, पाना लावून फिरवला आणि सवयीने शेवटचा हिसका द्यायला गेले. हातात तेवढा जोर उरला नव्हता. पाना जिथे थांबायला हवा होता, तिथेच थांबला. लेकीने तपासून पाहिले. "बाबा, एवढंच लागतं," ती म्हणाली.

व्हॅन वेळेवर गेली. मी खिडकीत आलो, आणि माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मित्रांनो, जे हाताशी नाही त्याचीही कधीमधी विचारपूस करा. आणि एखादी वस्तू अडली की कोण्या अडाण्याला शिव्या देण्याआधी ती पुसून पाहा. चरे कोणाचे आहेत, तेवढे कळू द्या.