बापाला पेशी दिसली नाही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. भातकुलीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कपाटात राहतो. राहतो कसला, पडून आहे! अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली, आणि भुशात गुंडाळून मी वऱ्हाडात आलो. तेव्हा काय माझा थाट! माझ्यावरून पोरं भांडायची. डबक्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहून एखादी पोरगी "अगं माय!" म्हणून मागे सरकायची, तेव्हा माझी छाती फुगायची.

मग अकोल्याच्या क्लासेसचं वारं आलं. नावं आमच्या हजेरीपटावर, पोरं मात्र अकोल्यात. कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि माझ्या भिंगांना बुरशी धरली. मला ते कळत होतं, सांगणार कुणाला?

दोन वर्षांमागे पौर्णिमा आली. नुकतीच दहावी झालेली, डॉक्टर व्हायचं मनात. पण तिला अकोला नको होतं. तिचा चुलतभाऊ कुलदीप तिथल्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन अभ्यास करून परतला, तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाही. ती म्हणे, घरीच अभ्यास करीन, अडलं तर कॉलेजात विचारीन. वडील खुशालराव हट्टी नव्हते, पण पोरीचं नुकसान होईल ही धास्ती. एके दिवशी ते तिच्यासोबत प्रयोगशाळेतच आले.

"मॅडम, पोरगी म्हन्ते घरीच वाचतो. इथं शिकाची सोय असंल तं राहू दे तिले. मले फक्त दाखवा."

जीवशास्त्राच्या अनुपमा मॅडम अमरावतीहून रोज यायच्या, रिकाम्या बाकांकडे पाहून परत जायच्या. त्या हरखल्या. "दाखवते की!" म्हणून कुलूप काढलं. पौर्णिमाने कांद्याचा पापुद्रा सोलला, रंगवला, काचपट्टीवर ठेवून माझ्याखाली सरकवला. सगळं पुस्तकात वाचून शिकलेलं, पण हात कसा सराईत! तिने डोळा लावला, चाक फिरवलं. चाक करकरलं. मी जीव एकवटला हो, पण बुरशी काय माझं ऐकते?

"दिसते का?" खुशालरावांनी विचारलं.

"थांबा ना बाबा. दिसून राहिलं... थोडं."

खोटं बोलली बिचारी. मग खुशालरावांनी स्वतः डोळा लावला, बराच वेळ. "मले तं नुसतं धुकं दिसते, बाई."

"नवा मागितलाय," मॅडम खाली मान घालून म्हणाल्या.

"तुमाले काई म्हनत नाई, मॅडम." त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "चाल. अकोल्याचंच पाहू."

"मी नाई जात! कुलदीपदादाले पाहून राहिले ना तुमी?"

खुशालराव दाराकडे वळले. आठवड्याभरात ती अकोल्याला गेली.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेपुरती आली होती. वाळून गेलेली. वहीत कांद्याची पेशी सुरेख काढलेली, कुणाचं तरी पाहून उतरवलेली. मॅडमनी "कशी आहेस गं?" विचारलं, तर नुसती मान हलवली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असं कुलूपबंद कपाट असेल. ते उघडायला लावा. आतल्या भिंगांना अधूनमधून वारा आणि मऊ फडकं मिळू द्या. एवढीशी निगा मला मिळाली असती, तर त्या दिवशी बापाला पेशी दिसली असती आणि पौर्णिमा आज घरच्या ओसरीवर मोठमोठ्याने वाचत बसली असती.