कुलूपबंद भिंग

मित्रांनो, माझा आवाज दबका येत असेल तर रागावू नका. मी काचेच्या कपाटातून बोलतो आहे. मी एका सरकारी शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं घासून घासून घडवली आणि खोक्यात ठेवताना म्हणाला, "जा बाबा, पोरांच्या उपयोगी पड."

पडलोही. विज्ञानाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला आणि मुलांची झुंबड उडाली. "अरे, विटांची भिंत!" "सरक ना, मला बघू दे!" डबक्यातलं पाणी, फुलपाखराचा पंख, कुणाच्या तरी डोक्यातला केस, काय काय म्हणून दाखवलं मी! शाळा सुटली की बाई मला मऊ कापडाने पुसत. तेव्हा मी अगदी फुशारून जाई.

मग ती परीक्षा आली. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, त्यांतल्या एकाचा गोल काळा करायचा. गुण घसरतील ती शाळा बंद, असा वरून हुकूम.

मुख्याध्यापक प्रयोगशाळेत आले. "बाई, हे सगळं आवरा. आता इथे सराव घ्यायचा."

"पण सर, पेशींचा धडा आहे ना परीक्षेला?"

"आहे ना. उत्तरं पाठ करून घ्या." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला काय हौस आहे का, बाई? शाळा बंद पडली तर ही पोरं जातील कुठे? दुसरी शाळा पार नदीपलीकडे."

बाईंनी मला उचलून कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली.

तेव्हापासून मी काचेआडून बघतो आहे. मुलं येतात, खाली मान घालून गोल काळे करतात, जातात. बाईंचा शिकवतानाचा हसरा आवाज हळूहळू सपाट झाला. "पुढचा प्रश्न. पुढचा." त्या कपाटाकडे पाठ करून उभ्या राहत. कोंडलेला मी एकटाच नव्हतो, मित्रांनो. पण त्यांच्या दाराला कुलूप दिसत नव्हतं, एवढंच.

बंद हवेत मला ओल धरली. भिंगावर बुरशीचा एक बारीक धागा आला, मग त्याचं जाळं झालं. ओरडणार कसा? मला तोंड नाही, डोळाच काय तो आहे.

वर्गात एक मुलगी होती. तिचं 'का? का?' कधी थांबत नसे, म्हणून सगळे तिला 'काका' म्हणून चिडवत. एकदा सरावाच्या कागदावर माझंच चित्र आलं, खाली प्रश्न: 'यातून कांद्याच्या पेशी कशा दिसतात?' तिने चित्र पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं.

"बाई, हा तोच ना? यातून खरंच दिसतं?"

"आधी गोल काळा कर," बाई म्हणाल्या आणि लगेच खिडकीकडे वळल्या.

परीक्षेतही तोच प्रश्न आला. काकाने अचूक गोल काळा केला. शाळेचे गुण वाढले, शाळा वाचली, फाटकावर मोठा फलक लागला. त्या आनंदात बाईंनी सरांकडून किल्ली मागून घेतली. कपाट उघडलं. किती दिवसांनी अंगाला वारा लागला! बाईंनी माझी धूळ पुसली, पापुद्रा ठेवला आणि काकाला पुढे बोलावलं.

तिने डोळा लावला. मी जीव तोडून प्रयत्न केला.

"बाई, नुसतं धुकं दिसतंय."

बाईंनी पाहिलं. कापडाने पुसलं, पुन्हा पुसलं. बुरशीने काच आतून खाल्ली होती. मागोमाग आलेल्या सरांनीही वाकून डोळा लावला.

"पण बाई," काका म्हणाली, "मला तर काहीच दिसलं नाही. मग माझं उत्तर बरोबर कसं आलं?"

टेबलावर पुढच्या वर्षीच्या सरावाचे गठ्ठे येऊन पडले होते. संध्याकाळी सरांनी मला उचलून कपाटात ठेवलं. कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा खिशात टाकली.

मित्रांनो, मला आता कुणी बाहेर काढलं तरी माझ्यातून काही दिसायचं नाही. पण तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. त्याची किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. आतली काच अजून स्वच्छ आहे तोवर मागा.